मुलांच्या ओठांवरची सूज : रक्तदाबाच्या एका औषधकुळाची हकीकत

मुलाच्या चेहऱ्यावर अकस्मात आलेली सूज हे भयाचे लक्षण होय, ही गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना वैद्यकाचा ग्रंथ न वाचताही ठाऊक होती, आणि ज्यांनी ग्रंथ रचले त्यांनीही या लक्षणाला उपेक्षेने मागे टाकले नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्रिशोथीय नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात शोथाचे निज आणि आगंतुक असे दोन मुख्य भेद केलेले असून, देहातील दोषांच्या प्रकोपाने आतून उद्भवणारी सूज निराळी आणि बाह्य कारणाने ओढवणारी सूज निराळी, हा विवेक त्या प्राचीन वैद्यांनी आरंभीच करून ठेविला होता. जी सूज येथे सांगावयाची आहे तिचे वय मात्र अर्धशतकाहून अधिक नाही. ती येते एका औषधामुळे; आणि ते औषधही असे की, ज्या मुलांची मूत्रपिंडे वा हृदये दुबळी झाली आहेत त्यांचा रक्तदाब आटोक्यात ठेवून त्यांचे आयुष्य वाढविण्याच्या कामी त्याची योग्यता निर्विवाद सिद्ध झालेली आहे. उपकारक औषध आणि प्राणांतिक सूज यांची गाठ कशी पडली, आणि मुलांच्या बाबतीत ही गाठ वैद्यकाच्या ध्यानात इतक्या उशिरा का आली, याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

या सुजेचे वर्णन तिच्या कारणाच्या पुष्कळ आधीपासून उपलब्ध होते. जर्मनीतील कील येथील विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या हाइनरिख क्विंके यांनी १८८२ साली त्वचेखालच्या ऊतींत अवचित उद्भवणारी, मर्यादित जागी फुगणारी आणि काही काळाने आपोआप ओसरणारी सूज टिपून ठेविली, आणि वैद्यकाच्या परिभाषेत तिला दीर्घकाळ त्यांचेच नाव चिकटून राहिले. पुढे १८८८ मध्ये, त्या वेळी फिलाडेल्फियात असलेल्या विल्यम ऑस्लर यांनी एकाच कुटुंबाच्या पाच पिढ्यांतून वाहत आलेल्या अशाच सुजेची कैफियत प्रसिद्ध केली. त्या घराण्यातील काही जणांचा घसा आतून सुजून श्वासमार्ग बंद झाल्याने अंत झाला होता, ही बाब त्यांनी स्पष्टपणे नोंदविली. त्या आनुवंशिक सुजेचे मूळ रक्तातील एका नियामक प्रथिनाच्या अभावात आहे, हे व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी १९६३ साली दाखवून दिले. ओठ, जीभ, पापण्या, घसा, क्वचित आतडी, हीच या सुजेची आवडती स्थाने. खाज नाही, अंगावर गांधी नाहीत, त्वचेवर लाली बहुधा नाही. या लक्षणांची जुळणी वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या घोटाळ्याचे निराकरण तीवरच अवलंबून आहे.

रक्तदाबाच्या विद्येचा प्रवाह या काळात निराळ्याच खोऱ्यातून वाहत होता. स्टॉकहोम येथे रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी १८९८ मध्ये सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढविणारे द्रव्य असल्याचे दाखविले, व त्याला रेनिन हे नाव दिले. परंतु या शोधाकडे जवळजवळ साडेतीन दशके कोणी फारसे फिरकले नाही. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्या चिमट्याने आवळून कायमचा रक्तदाब निर्माण करून दाखविला, तेव्हा कुठे त्या विस्मृत रेनिनचे दफ्तर पुन्हा उघडले गेले. त्यातूनच अँजिओटेन्सिन हे द्रव्य हाती आले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास लेनर्ड स्केग्ज यांनी, पुन्हा क्लीव्हलंडमध्येच, त्याची दोन रूपे वेगळी करून, निष्क्रिय रूपाचे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सक्रिय रूपात रूपांतर करणारे एक विकर असल्याचे सिद्ध केले. पुढील साऱ्या कथेचा नायक म्हणा वा आरोपी म्हणा, ते हे रूपांतरक विकर होय.

याच सुमारास रक्तदाबाच्या चिकित्सेत आपल्या मुंबईनेही मोलाची भर घातली होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळ्यांचा रक्तदाबाच्या रुग्णांवर होणारा परिणाम १९४९ साली एका ब्रिटिश हृद्रोगपत्रिकेत मांडला, आणि त्या लेखाने पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या देशी वनस्पतीकडे वेधले. तिच्यातून निघालेले रेसर्पिन पुढे मूत्रपिंडाच्या तीव्र दाहाने रक्तदाब चढलेल्या मुलांनाही देण्यात येऊ लागले. त्या औषधाने नाक चोंदे, मुले मंदावत, परंतु ओठ वा जीभ सुजत नसे. तो काळ सरला, सर्पगंधा मागे पडली, आणि तिची जागा ज्या औषधांनी घेतली त्यांचा उगम एका विषारी सर्पात होता.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा सर्प आहे. त्याचा दंश झालेल्या माणसाचा रक्तदाब कोसळतो. साओ पाउलो येथील जीवशास्त्र संस्थेत मौरिसियो रोशा ए सिल्वा, विल्सन बेराल्दो आणि गास्ताव रोझेनफेल्ड या तिघांनी १९४८ साली या विषाचा अभ्यास करताना असे पाहिले की, विषाच्या क्रियेने प्राण्याच्या रक्तात एक नवेच द्रव्य उत्पन्न होते. ते रक्तवाहिन्या सैल करते, आणि आतड्याच्या तुकड्याला सावकाश आकुंचित करते. या द्रव्याला त्यांनी ब्रॅडिकायनिन असे नाव दिले. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपू देणे हाही या द्रव्याचा स्वभाव होय, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

रोशा ए सिल्वा यांचे शिष्य सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५ साली याच सर्पाच्या विषात ब्रॅडिकायनिनची क्रिया अनेक पटींनी वाढविणारा एक घटक शोधून काढला, आणि तो घटक बरोबर घेऊन ते लंडनमध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे एक संशोधक होते, ज्यांचे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल : वाय. एस. बखले. कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कात ते अँजिओटेन्सिनच्या रूपांतराचा अभ्यास करीत होते, आणि फेरेरांनी आणलेला घटक या रूपांतराला अडवितो, हे त्यांच्या प्रयोगांतून १९६८ च्या सुमारास प्रगट झाले. ब्रॅडिकायनिनचा नाश करणारे विकर आणि अँजिओटेन्सिन घडविणारे विकर ही दोन नसून एकच आहेत, ही गोष्ट अमेरिकेत एर्विन एर्डश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये निश्चित केली. एकाच विकराच्या अंगी दोन कामे होती : रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य तयार करणे, आणि रक्तवाहिन्या सैल करून पाझरविणाऱ्या द्रव्याचा निकाल लावणे. त्याला रोखले की पहिले काम थांबते व रक्तदाब उतरतो. परंतु दुसरेही काम थांबते, आणि ब्रॅडिकायनिन साचत जाते. या औषधांनी येणारी सूज ही अपघाताने जडलेली उपाधी नव्हे. ब्रॅडिकायनिनचे बळ वाढविणे हाच ज्या द्रव्याचा पहिला ओळखलेला गुण, त्याच्या वंशात ती जन्मापासून वसत होती, आणि जे हा जन्मवृत्तांत जाणत होते त्यांना तिचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

व्हेन यांच्या सल्ल्यावरून स्क्विब या अमेरिकन औषधकंपनीतील मिगेल ओंडेट्टी आणि डेव्हिड कुशमन यांनी हे काम हाती घेतले. विषापासून मिळालेला पदार्थ टोचूनच द्यावा लागे. तोंडाने घेता येईल असे लहान रेणू त्यांना हवे होते. विकराच्या अंतरंगाचे अनुमान बांधून, त्याच्या मध्यभागी असलेल्या जस्ताच्या अणूला धरून ठेवील अशी रचना आखून त्यांनी १९७५ साली कॅप्टोप्रिल सिद्ध केले, आणि १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत विक्रीचा परवाना मिळाला. औषधनिर्मितीच्या इतिहासात या कामगिरीचे स्थान फार वरचे आहे, आणि त्यातल्या बुद्धिवैभवाचा गौरव कितीही केला तरी तो अधिक होणार नाही.

आरंभीच्या वर्षांत कॅप्टोप्रिल भारी मात्रेत दिले जात असे. तेव्हा पुरळ, तोंडाची चव जाणे, श्वेतपेशी घटणे, लघवीतून प्रथिने जाणे अशा तक्रारी आल्या, आणि त्यांचा दोष औषधाच्या रेणूत असलेल्या गंधकयुक्त गटाच्या माथी मारण्यात आला. ओठ-जिभांच्या सुजेचे पहिले दाखलेही याच काळातील, आणि त्या गर्दीत तेही जमा झाले. मर्क कंपनीने गंधकाचा तो गट वगळून एनालाप्रिल बनविले, व १९८५ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आले, तेव्हा पुष्कळांची अशी अपेक्षा होती की आता उपद्रव सरले. पुरळ व चवीच्या तक्रारी खरोखरच उणावल्या. कोरडा खोकला आणि सूज मात्र तशीच राहिली. दोष गंधकाचा नव्हता हे तेव्हा उघड झाले. प्रिल या अक्षरांनी संपणाऱ्या औषधांची पुढे मोठी मालिका तयार झाली, आणि सुजेने त्यांपैकी एकालाही वगळले नाही.

प्रौढांत हे किती वेळा घडते याचा बऱ्यापैकी हिशेब आज उपलब्ध आहे. हजारी एक ते सात असे त्याचे स्थूल मान सांगता येईल. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या एका प्रचंड चाचणीत एनालाप्रिल घेणाऱ्यांत ते ०.६८ टक्के, तर ओमापॅट्रिलॅट या नव्या औषधात २.१७ टक्के आढळले. या दुसऱ्या औषधाने ब्रॅडिकायनिनचा नाश करणारी दोन विकरे एकदम रोखली जात होती. त्याच कारणाने सूज तिपटीहून अधिक वाढली, आणि ते औषध बाजारात येऊ शकले नाही. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत हे प्रमाण इतरांच्या कैक पट असते, हेही याच काळात सिद्ध झाले.

मुलांची हकीकत येथून निराळी होते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा भाग हाच आहे. मुळात मुलाचा रक्तदाब मोजण्याची वहिवाटच वैद्यकात नवी. रिवा-रोची यांचे यंत्र १८९६ चे आणि कोरोत्कोव्ह यांची ध्वनिपद्धती १९०५ ची असली तरी तीन वर्षांवरील प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा पाहावा, अशी स्पष्ट शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने केली ती १९७७ मध्ये. औषधांच्या बाबतीत तर मुले जवळजवळ बेवारसच होती. हॅरी शर्की या बालरोगतज्ज्ञाने १९६० च्या दशकात त्यांना चिकित्सेतील अनाथ म्हटले होते, ते अक्षरशः खरे होते : प्रौढांवर औषध पारखावयाचे, वेष्टनावर मुलांतील सुरक्षितता सिद्ध झालेली नाही असे छापावयाचे, आणि मग प्रत्यक्ष रुग्णालयात गोळीचे तुकडे करून तेच औषध मुलांना द्यावयाचे, ही रीत सर्वत्र रूढ होती. कॅप्टोप्रिल असेच मुलांपर्यंत आले. त्यापुढे आलेले एनालाप्रिल आपल्याकडील रुग्णालयांतही गोळी कुटून, वजनाप्रमाणे तिच्या पुड्या बांधून पालकांच्या हाती देण्यात येत असे, आणि अनेक ठिकाणी अजूनही येते. अमेरिकेत द्रवरूप एनालाप्रिलला परवाना मिळाला तो २०१३ साली, म्हणजे मूळ औषधाच्या मागून अठ्ठावीस वर्षांनी.

अमेरिकेच्या १९९७ च्या कायद्याने, मुलांवर रीतसर चाचणी करणाऱ्या कंपनीला एकाधिकाराचे सहा महिने वाढवून देण्याचे आमिष दाखविले, तेव्हा एनालाप्रिल, लिसिनोप्रिल इत्यादी औषधांच्या बालचाचण्या झाल्या. त्यांतील मुले सहा ते सोळा वर्षांची, संख्या शे-सव्वाशेच्या आसपास, आणि काळ काही आठवड्यांचा. मात्रा ठरविण्यास त्या पुरेशा होत्या. परंतु जो उपद्रव हजारात दोघा-चौघांना होतो, आणि तोही कित्येकदा औषध सुरू करून महिने वा वर्षे लोटल्यावर, तो शंभर मुलांच्या अल्पकालीन चाचणीत न दिसणे हेच संभवनीय होते. चाचणीत सूज दिसली नाही याचा अर्थ मुलांना ती होत नाही असा काढणे हा तर्कदोष ठरतो, आणि तो कमी लोकांनी केला असे म्हणवत नाही. प्रत्यक्षात मुलांतील दाखले एक-एक करून वैद्यकीय पत्रिकांत येत राहिले : ओठ फुगलेले, जीभ तोंडात मावेनाशी झालेली, घसा सुजून श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ आलेली मुले, त्यांतील कित्येकांना औषध पुष्कळ काळ विनातक्रार सोसलेले.

विलंबाचे आणखी एक कारण आपल्या देशातील मुलांना विशेष लागू पडते. आपल्याकडे ही औषधे घेणारी बरीचशी मुले मूत्रपिंडाच्या विकाराची असतात. लघवीतून प्रथिने वाहून जातात, स्टेरॉइडला आजार दाद देत नाही, तेव्हा एनालाप्रिल जोडण्यात येते. अशा मुलाच्या घरात सूज ही नवी गोष्ट नसते. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली लंडनच्या गायज् रुग्णालयात, चमच्यात लघवी तापवून तिच्यात साकळणारे प्रथिन दाखवून, जलोदर व सूज यांचा मूत्रपिंडाशी संबंध जोडून दिला, तीच ही सूज; सकाळी पापण्या जड, संध्याकाळी पाय जड, दोन्ही बाजूंनी सारखी, दिवसागणिक हळूहळू चढणारी. आई रोज सकाळी मुलाचे डोळे निरखते, मूत्रपट्टी बुडवून वहीत नोंद करते, आणि सूज दिसली की तिला वाटते की आजार उलटला. औषधाने येणारी सूज मात्र तासा-दोन तासांत वर येते, बहुधा एका बाजूला अधिक असते, ओठ, जीभ व गाल धरते, आणि त्या दिवशी मूत्रपट्टी पूर्वीसारखीच असू शकते. ज्यांना हा भेद कोणी सांगितलेला नाही त्यांनी तो ओळखावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दुसरा घोटाळा पित्ताचा. अंगावर पित्त उठले की आमसुलाचा कोळ लावावयाचा, हा आपल्या घरांतील उपचार साध्या गांधींच्या बाबतीत निरुपद्रवी आहे. ओठ सुजल्यावरही तोच केला जातो, किंवा काही चावले असेल, काही खाण्यात आले असेल, असे म्हणून ॲलर्जीची गोळी दिली जाते. सूज एक-दोन दिवसांत ओसरते, कारण ओसरणे हा तिचा स्वभावच आहे. श्रेय गोळीला मिळते, आणि खरे कारण त्याच दिवशी सकाळच्या पुडीतून पुन्हा पोटात जाते. पुढची सूज जिभेवर येईल की घशात, हे कोणी सांगू शकत नाही. कधी ती आतड्यात येते, आणि मग कळा मारून दुखणाऱ्या पोटाचा संबंध रक्तदाबाच्या गोळीशी जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

हिस्टामिन या द्रव्याने होणाऱ्या ॲलर्जीच्या सुजेवर जी औषधे चालतात, ती ब्रॅडिकायनिनच्या सुजेवर भरवशाची ठरत नाहीत. पहिल्या क्षणी दोहोंतील फरक कळत नसल्यामुळे ॲड्रिनॅलिन, स्टेरॉइड इत्यादी दिली जातात व ती द्यावीतही. परंतु खरा आधार म्हणजे श्वासमार्गावर नजर ठेवणारा, वेळ पडल्यास नळी घालू शकणारा तज्ज्ञ जवळ असणे, आणि औषध तत्काळ बंद करणे. ब्रॅडिकायनिनच्या क्रियेलाच अडविणारे इकॅटिबँट हे औषध आनुवंशिक सुजेसाठी निघाले. २०१५ साली जर्मनीत सुमारे तीस प्रौढांवर झालेल्या चाचणीत त्याने सूज सत्तावीस तासांऐवजी आठ तासांत उतरविली, पण दोन वर्षांनी झालेल्या अधिक मोठ्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही. तेव्हा निवारणापेक्षा वेळीच ओळखणे हाच आजही मुख्य उपाय आहे. ज्या कुटुंबात आनुवंशिक सूज आहे त्यातील मुलाला प्रिल कुळातील औषध देऊ नये. आणि मूत्रपिंडरोपणानंतर सिरोलिमस वा एव्हरोलिमस घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत धोका वाढलेला आहे, हे स्मरणात असावे. ज्याला एकदा सूज आली त्याला बहुधा लोसार्टन कुळातील औषध देता येते, कारण ते त्या रूपांतरक विकराला स्पर्श करीत नाही. तरी तेथेही पहिले काही दिवस सावधगिरी हवी.

या हकीकतीमुळे कोणी भिऊन मुलाचे औषध आपल्या मनाने थांबवू नये, हे तितक्याच कळकळीने सांगितले पाहिजे. युरोपातील ३८५ मुलांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रामिप्रिल चालू ठेवून रक्तदाब अधिक काटेकोरपणे उतरविला असता मूत्रपिंडांचा ऱ्हास लांबतो असे सिद्ध झाले आहे. डायलिसिस काही वर्षे पुढे जाणे ही मुलाच्या आयुष्यात किती मोठी कमाई आहे ते अशा कुटुंबांनाच ठाऊक. बहुसंख्य मुलांना ही सूज कधीही येणार नाही.

म्हणूनच माझी विनंती पहिल्यांदा औषध लिहून देणाऱ्यांना आणि ते हाती देणाऱ्या औषधविक्रेत्यांना आहे : पुडी वा बाटली देताना पालकांना त्यांच्याच भाषेत एवढे सांगावे की, ओठ, जीभ वा गाल अचानक सुजले, आवाज बदलला, लाळ गळू लागली किंवा श्वासाला आवाज येऊ लागला, तर पुढचा डोस देऊ नये आणि फोनवर विचारीत न बसता तडक मोठ्या रुग्णालयात यावे. भारतीय औषधसतर्कता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, आणि अशा उपद्रवाची खबर त्याच्याकडे डॉक्टरांप्रमाणेच पालकांनाही देता येते. मुलांच्या नोंदी इतक्या विरळ असताना प्रत्येक खबर मोलाची आहे. आणि ज्या मुलाला अशी सूज येऊन गेली त्याच्या पालकांनी त्याच्या केसपेपरच्या पहिल्याच पानावर औषधाचे नाव, सूज आल्याची तारीख आणि या कुळातील कोणतेही औषध पुन्हा देऊ नये ही सूचना डॉक्टरांकडून ठळक अक्षरांत लिहवून घ्यावी, व गाव वा दवाखाना बदलला तरी तो कागद बरोबर ठेवावा.